आल्झासचा वाइनरस्ता : एका सरहद्दीची गोष्ट

30 मे 1953 या दिवशी पूर्व फ्रान्समधल्या आल्झास प्रांतात मोटारगाड्यांचे दोन तांडे एकाच वेळी निघाले. एक उत्तर टोकाच्या मार्लेनहाइम गावातून दक्षिणेकडे, दुसरा दक्षिण टोकाच्या तान गावातून उत्तरेकडे. वाटेत समारंभ, मेजवान्या आणि अर्थातच भरलेले पेले. आज जगभरचे प्रवासी ज्याला 'आल्झासचा वाइनरस्ता' म्हणून ओळखतात त्या सुमारे 170 किलोमीटरच्या मार्गाचं हे उद्घाटन. रस्ता म्हणून तो काही नवा बांधलेला नव्हता. गावांना गावं जोडणारे जुनेच वाकडेतिकडे रस्ते होते, त्यांची एक माळ ओवली, तिला नाव दिलं, पाट्या लावल्या, इतकंच.

पण तारीख लक्षात ठेवा. 1953 चा मे महिना. त्याच्या तीनच महिने आधी याच आल्झासमध्ये लोकांनी हुतात्म्यांच्या स्मारकांवर काळी वस्त्रं पांघरली होती. त्या गोष्टीकडे मी नंतर येणार आहे. कारण पर्यटनाच्या पुस्तिका हा रस्ता दाखवतात तो परीकथेतल्यासारखा. लाकडी चौकटींची रंगीत घरं, खिडक्यांतून ओसंडणारी जिरेनियमची फुलं, धुराड्यावर करकोच्याचं घरटं, मागे डोंगरउतारावर द्राक्षवेलींच्या रांगा. यातलं काहीच खोटं नाही. पण हा रस्ता म्हणजे युरोपातल्या सगळ्यात जास्त ओढाताण झालेल्या सरहद्दीपैकी एक आहे, हे त्या पुस्तिकांतून कळत नाही. आणि आपण गोव्याची माणसं. झेंडा बदलतो तेव्हा घरात, शाळेत, कचेरीत काय काय बदलतं हे आपल्याला कुणी वेगळं समजावून सांगायला नको.

आधी थोडा भूगोल. पश्चिमेला व्होज पर्वताची रांग, पूर्वेला ऱ्हाइन नदी आणि नदीपलीकडे जर्मनी. मधली सपाट पट्टी म्हणजे आल्झास. द्राक्षमळे आहेत ते पर्वताच्या पायथ्याच्या टेकड्यांवर, समुद्रसपाटीपासून साधारण 200 ते 400 मीटर उंचीवर. अटलांटिककडून येणारे ढग पर्वतापलीकडेच रिकामे होतात आणि अलीकडे ऊन पडतं. मधोमध वसलेल्या कोलमार शहरात वर्षाचा पाऊस 600 मिलिमीटरच्या आतबाहेर. फ्रान्समधल्या सगळ्यात कोरड्या शहरांत त्याची गणना होते. आपल्याकडे 3000 मिलिमीटर पडतो, म्हणजे त्यांचा वर्षाचा पाऊस आपला जुलै महिना एकटाच पाडून मोकळा होतो! द्राक्षाला हे कोरडं, उन्हाळ शरद ऋतूतलं हवामान मानवतं आणि म्हणून रोमन काळापासून इथे वेल आहे.

गावांची नावं ऐकली तरी गोम कळते. मार्लेनहाइम, मोल्सहाइम, एगिसहाइम. यातलं 'हाइम' म्हणजे जर्मन भाषेतलं घर. रिकवीर, हुनावीर, बेनवीर. यातलं 'वीर' मूळच्या लॅटिन शब्दावरून आलेलं, वाडी-वस्ती अशा अर्थाचं. नावं जर्मन वळणाची, राज्य फ्रान्सचं. जर्मन अमलात रिकवीरचं राइशेनवायर होई आणि रिबोव्हिलेचं रापोल्ट्सवायलर. फ्रेंच आले की परत रिकवीर आणि रिबोव्हिले. पणजीचं पांजिम आणि म्हापशाचं मापुसा वाचत मोठे झालेल्यांना यात नवल वाटू नये.

पूर्वी तर एकच राज्यही नव्हतं. रिकवीर 1324 पासून फ्रेंच राज्यक्रांतीपर्यंत व्यूर्टेमबर्ग या जर्मन घराण्याकडे होतं. शेजारचं रिबोव्हिले रिबोपिएर नावाच्या सरदारांचं. या सरदारांकडे आल्झासमधल्या साऱ्या भटक्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचं पालकत्व असे, आणि त्याची आठवण म्हणून तिथे अजूनही सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी वाजंत्र्यांची जत्रा भरते. त्याच्या पलीकडचं कायझर्सबर्ग कुणाच सरदाराचं नव्हे. ते थेट सम्राटाला बांधील असलेलं मुक्त शहर, आणि 1354 मध्ये अशा दहा शहरांनी मिळून केलेल्या संघाचं सभासद. सायकलवरून तास-दीड तासात फिरून यावं एवढ्या टापूत तीन वेगळ्या सत्ता, तीन वेगळे कर. धर्मही राजाप्रमाणे. रिकवीर प्रॉटेस्टंट झालं, कायझर्सबर्ग कॅथलिक राहिलं. हुनावीरच्या तटबंदीतल्या चर्चमध्ये तर 1687 पासून दोन्ही पंथ एकच इमारत वाटून वापरत आले आहेत. जुन्या काबिजादी आणि नव्या काबिजादी यांच्यातलं अंतर नकाशावर बोटभर आणि रीतिरिवाजांत केवढं, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे चित्र लगेच समजेल.

1618 ते 1648 च्या तीस वर्षांच्या युद्धात हा सगळा भाग इतका उजाड झाला की पुढे शेती करायला स्वित्झर्लंडहून कुटुंबं आणून वसवावी लागली. युद्ध संपवणाऱ्या वेस्टफालियाच्या तहाने आल्झासमधले हॅब्सबुर्ग घराण्याचे हक्क फ्रान्सकडे गेले, 1681 मध्ये चौदाव्या लुईने स्ट्रासबुर्ग घेतलं, आणि हळूहळू प्रांत फ्रेंच झाला. राज्य फ्रेंच झालं तरी घरातली भाषा मात्र नाही. शेतकरी, तांबट, कलाल, सगळे बोलत होते ती आल्झासी. जर्मन कुळातली बोली.

इथे एका गोष्टीची आठवण काढायलाच हवी. आल्फाँस दोदेची 'शेवटचा धडा' ही कथा आपल्यापैकी पुष्कळांच्या मुलांनी बारावीच्या इंग्रजीच्या पुस्तकात वाचली असेल; एनसीईआरटीच्या पुस्तकात ती आहे. 1870-71 च्या युद्धात फ्रान्स हरला, आल्झास आणि लोरेनचा काही भाग जर्मनीने घेतला, आणि बर्लिनहून हुकूम आला की शाळेत यापुढे फ्रेंच शिकवायची नाही. म्हातारे हामेल मास्तर शेवटचा फ्रेंचचा तास घेतात, मागच्या बाकांवर गावातली वडीलधारी माणसं येऊन बसतात. 1873 च्या संग्रहातली ही कथा वाचून डोळ्यांत पाणी येतं. यायलाच हवं, इतकी ती चांगली लिहिली आहे.

पण ती आपल्याला अर्धीच गोष्ट सांगते. त्या वर्गातला पोरगा घरी आईशी कुठल्या भाषेत बोलत असेल? आल्झासच्या खेड्यातला असेल तर बहुधा आल्झासीत, म्हणजे जर्मनच्या बहिणीत. फ्रेंच ही त्याची शाळेची भाषा होती, प्रतिष्ठेची भाषा होती, कदाचित मनाने निवडलेली भाषाही होती. पण पाळण्यातली नव्हती. दोदे हा दक्षिण फ्रान्सचा, पॅरिसमध्ये लिहिणारा. त्याने फ्रेंचलाच या लोकांची भाषा ठरवून टाकलं. दुसऱ्या बाजूला बर्लिनचं म्हणणं, तुम्ही बोलता ती आमचीच बोली, म्हणून तुम्ही आमचे. दोघांनीही आल्झासकराला विचारलं नाही. बोली एक, लिहायची भाषा दुसरी, आणि मन कुणाकडे हे ठरवायचं तिसऱ्याच कुणी. मराठी-कोंकणीच्या वादात उभा जन्म गेलेल्या आपल्या मागच्या पिढीला मी ही कथा या अंगाने वाचायला द्यायला हवी होती असं कधीकधी वाटतं. असो.

1871 च्या तहात एक मुभा होती. ज्याला फ्रेंच नागरिकत्व ठेवायचं असेल त्याने 1 ऑक्टोबर 1872 पर्यंत तसं जाहीर करावं आणि प्रांत सोडून जावं. नागरिकत्व हवं तर घर सोडा, घर हवं तर नागरिकत्व सोडा. लाखाहून जास्त लोक गेले. द्राक्षवेल काखेत मारून नेता येत नाही, त्यामुळे बागायतदार बहुतेक मागे राहिले. आपल्याकडे पोर्तुगीज पासपोर्टाचा विषय घराघरांत निघतो तेव्हा निदान भाट विकून जा अशी अट कुणी घातलेली नसते.

मागे राहिलेल्यांच्या वाइनचं काय झालं? जर्मन साम्राज्यात आल्झास हा द्राक्षांचा मोठा प्रांत ठरला, पण मान मिळाला नाही. मोझेल आणि ऱ्हाइनकाठच्या नामांकित वाइनशी स्पर्धा नको म्हणून म्हणा किंवा सोय म्हणून म्हणा, आल्झासचा माल पिंपांनी घाऊक जायचा आणि कुठल्या कुठल्या मिश्रणात मिसळून नाव हरवून बसायचा. भरीला वेलींच्या मुळांवरचा फायलोक्सेरा किडा. या काळातली एक गोष्ट मात्र टिकली. 1895 मध्ये रिबोव्हिलेच्या बागायतदारांनी सहकारी संस्था काढली. ती फ्रान्समधली सगळ्यात जुनी वाइन सहकारी संस्था म्हणून मिरवते, आणि गंमत म्हणजे ती स्थापन झाली तेव्हा रिबोव्हिले फ्रान्समध्ये नव्हतंच! मोल्सहाइमच्या बुगाटी मोटारींचंही तसंच. एत्तोरे बुगाटी हा इटलीचा माणूस. त्याने 1909 मध्ये कारखाना काढला तो जर्मनीत, आणि पुढे दहा वर्षांत कारखाना जागचा न हलता गाड्या फ्रेंच झाल्या.

कायझर्सबर्गचा सगळ्यात मोठा सुपुत्र आल्बेर्ट श्वाइत्झर. 14 जानेवारी 1875 चा जन्म, म्हणजे जन्माने जर्मन नागरिक. तत्त्वज्ञ, धर्मशास्त्री, बाखचं संगीत ऑर्गनवर वाजवणारा मोठा कलावंत. भारतीय विचारपरंपरेवर त्याने लिहिलेलं पुस्तक 1935 मध्ये आलं आणि आपल्याकडेही त्यावर वाद झाले. हा माणूस वैद्यक शिकून 1913 मध्ये आफ्रिकेत गाबोनला गेला, लांबारेने इथे दवाखाना काढला. गाबोन फ्रेंच वसाहत. 1914 मध्ये युद्ध पेटलं आणि फ्रेंचांनी या डॉक्टरला शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून नजरकैदेत टाकलं. 1917 मध्ये तर त्याला पत्नीसह फ्रान्समध्ये आणून छावणीत ठेवलं. युद्ध संपलं, आल्झास फ्रान्सकडे आलं, आणि कालचा शत्रू नागरिक आज फ्रेंच झाला. 1952 चं शांततेचं नोबेल मिळालं ते फ्रेंच माणूस म्हणून.

1918 मध्ये फ्रेंच सैन्य आलं तेव्हा लोकांनी जल्लोष केला. पण पाठोपाठ आली वर्गवारी. माणसांना चार प्रकारची ओळखपत्रं वाटली गेली, अ, ब, क, ड अशी म्हणा ना. आईवडील दोघेही 1870 च्या आधीच्या फ्रेंच मुलखातले असतील तर पहिल्या वर्गात, एकच असेल तर दुसऱ्या, आणि जर्मनीतून आलेले असतील तर शेवटच्या. जर्मन मार्कांचे फ्रँक करून घ्यायचे तर पहिल्या वर्गाला चांगला भाव. शेवटच्या वर्गातल्या पुष्कळांना पुलावरून ऱ्हाइनपलीकडे पाठवून दिलं. एकाच गल्लीतल्या दोन घरांत, कधी एकाच घरात, वेगवेगळ्या रंगाची कार्डं.

बागायतदारासाठी बदल आणखी विचित्र होता. एका रात्रीत जर्मन गिऱ्हाईक तुटलं आणि समोर उभी राहिली दक्षिण फ्रान्स आणि अल्जेरियाची स्वस्त वाइन. घाऊक मालाच्या खेळात आल्झास टिकणं शक्य नव्हतं. तेव्हा जाणत्या लोकांनी ठरवलं की सपाटीवरचे भारंभार पीक देणारे वेल काढायचे आणि उतारावर जातिवंत वेल लावायचे. रीसलिंग, पिनो ग्री, मस्कत, गेवुर्त्सट्रामिनर. आजच्या आल्झासची वाइन आपण ज्या नावांनी ओळखतो ती त्या निर्णयाची फळं. त्या नावातही पाहा, फ्रान्समध्ये इतरत्र बाटलीवर गावाचं नाव मोठं असतं. आल्झासमध्ये द्राक्षाच्या जातीचं, जर्मन पद्धतीने. पण गेवुर्त्सट्रामिनर लिहिताना जर्मन लोक त्यातल्या 'उ' वर दोन टिंबं देतात, आल्झासकर देत नाहीत. सरहद्द कुठे आहे म्हणाल तर त्या दोन टिंबांत आहे.

आता थोडं ऱ्हाइनपलीकडे जाऊ, कारण 'वाइनरस्ता' ही कल्पना आधी जर्मनीत रुजली. 1935 च्या ऑक्टोबरात योसेफ ब्युर्केल नावाच्या नाझी पुढाऱ्याने पॅलेटिनेट प्रांतात 'जर्मन वाइनरस्त्या'चं उद्घाटन केलं. पीक उदंड आलं होतं, आणि धंद्यात मुरलेल्या ज्यू व्यापाऱ्यांना नाझींनीच हुसकावल्यामुळे माल उचलायला कुणी उरलं नव्हतं. म्हणून ही जाहिरात. तो रस्ता सुरू होतो श्वायगेन गावी, अगदी आल्झासच्या वेशीवर, आणि 1936 मध्ये तिथे एक भलंमोठं दगडी दार उभारलं गेलं. दार फ्रान्सच्या तोंडावर. याच ब्युर्केलला 1940 मध्ये लोरेनचा कारभार मिळाला. फ्रान्समध्ये बर्गंडीचा वाइनरस्ता 1937 मध्ये झाला, पण त्याची गोष्ट वेगळी आहे. तिथे सरहद्द नाही.

1940 च्या जूनमध्ये जर्मन सैन्य आल्झासमध्ये शिरलं. या वेळी तह वगैरे काही नाही, सरळ गिळून टाकलं. गाउलायटर रोबेर्ट वाग्नरच्या अमलात फ्रेंच बोलण्यावर बंदी, फ्रेंच टोपी घालण्यावर बंदी, माणसांच्या फ्रेंच नावांची जर्मन रूपं करण्याची सक्ती. मुलूझ शहरातल्या 'रानटी माणसाच्या रस्त्या'ला आडोल्फ हिटलरचं नाव देण्यात आलं. फ्रेंच बंद झाली म्हणून तर कुणाला त्यातला विनोद लक्षात आला नसेल! मिटेलवीरमध्ये लोकांनी एका भिंतीवर निळी, पांढरी आणि लाल फुलं लावली. फ्रान्सच्या झेंड्याचे रंग. माळ्याचा गुन्हा काय म्हणून सांगणार? ती भिंत पुढे 'हुतात्मा फुलांची भिंत' झाली. आज खिडकीखिडकीतली फुलं पाहून कॅमेरा काढणाऱ्या प्रवाशाला ही एक भिंत कुणीतरी दाखवायला हवी.

25 ऑगस्ट 1942 ला आणखी भयंकर हुकूम आला. आल्झासच्या तरुणांना जर्मन सैन्यात सक्तीची भरती. आल्झास आणि मोझेल मिळून सुमारे 1,30,000 माणसं अशी ओढली गेली, बहुतेक रशियाच्या आघाडीवर. न जाणाऱ्याच्या आईवडिलांना उचलून नेत. त्यांना फ्रेंचमध्ये शब्द आहे 'मालग्रे-नू', म्हणजे 'आमच्या मनाविरुद्ध'. त्यांतले हजारो परत आले नाहीत, आणि जे आले त्यांच्याकडे उरलेला फ्रान्स संशयाने पाहू लागला. अंगावर कुणाचा गणवेष होता, एवढंच लोक बघतात.

युद्धाचा शेवट याच द्राक्षमळ्यांवर झाला. 1944 च्या नोव्हेंबरात स्ट्रासबुर्ग मुक्त झालं, पण कोलमारभोवती जर्मन सैन्य चिवटपणे पाय रोवून राहिलं. डिसेंबर ते फेब्रुवारी, बर्फात, गाव-गाव आणि घर-घर लढाई. आमर्शवीर बॉम्ब आणि आगीत जवळजवळ सगळं गेलं. बेनवीर, मिटेलवीर, सिगोल्सहाइम ढिगारे झाले. 2 फेब्रुवारी 1945 ला कोलमार सुटलं. रिकवीर मात्र जवळजवळ न ओरखडता वाचलं. त्याचा 1291 मधला डोल्डर बुरूज अजून उभा आहे आणि जुन्या घरांवरची सालं वाचत फिरता येतं. मध्ये फक्त द्राक्षमळे, इतकी ही गावं एकमेकांना लागून आहेत. प्रवासी रिकवीर पाहतो, वाहवा करतो आणि बेनवीरमधून गाडी न थांबवता पुढे जातो, कारण तिथे 'पाहण्यासारखं' काही नाही. तिथलं चर्च नवं, घरं नवी, सरळ रस्ते. माझ्या मते या रस्त्यावर थांबायचं असेल तर बेनवीरला आधी थांबावं, मग रिकवीरला जावं. जुनं किती नशिबाने उरतं ते त्याशिवाय कळत नाही.

आणि आता 1953. जानेवारीत बोर्दोच्या लष्करी न्यायालयात एक खटला उभा राहिला. 10 जून 1944 ला मध्य फ्रान्समधल्या ओरादूर-सूर-ग्लान या गावात एसएस सैनिकांनी बायका-मुलांसह सारं गाव मारलं होतं. मृतांची संख्या 640 च्या वर. पिंजऱ्यात 21 आरोपी. त्यांतले 7 जर्मन आणि 14 आल्झासचे. त्या 14 पैकी 13 सक्तीने भरती झालेले. काही तर तेव्हा सतरा-अठरा वर्षांचे. ओरादूरच्या लोकांच्या दृष्टीने ते खुनी होते. आल्झासच्या दृष्टीने ते आधी आपल्यावर झालेल्या अन्यायाचे बळी होते. 13 फेब्रुवारीला शिक्षा सुनावल्या आणि आल्झासभर आगडोंब उसळला. तीच ती स्मारकांवरची काळी वस्त्रं. आठवडाभरात, 20 फेब्रुवारीला, संसदेने सक्तीच्या भरतीतल्यांना माफी देणारा कायदा केला. आता ओरादूर पेटलं. त्यांनी सरकारने दिलेली सन्मानपदकं परत केली आणि माफीच्या बाजूने मत देणाऱ्या खासदारांची नावं उद्ध्वस्त गावाच्या वेशीवर लावली.

यात कोण बरोबर? मला विचाराल तर ओरादूरच्या आयांना कुठलाही युक्तिवाद पुरणार नव्हता, आणि तो पुरावा अशी अपेक्षाही कुणी करू नये. आल्झासचं दुःख खरं होतं. पण खरं दुःख असलं म्हणून दुसऱ्याच्या सहाशे मढ्यांचा हिशेब मिटत नाही. फ्रान्सने प्रांताची एकी राखण्यासाठी एका गावाचा न्याय खर्ची घातला, असंच मी म्हणेन. हा वाद पुढे कित्येक दशकं धुमसत राहिला.

त्यानंतर तीन महिन्यांनी मोटारींचे तांडे मार्लेनहाइम आणि तानहून निघाले. खटल्याचा आणि वाइनरस्त्याचा थेट संबंध होता असं माझं म्हणणं नाही. रस्ता निघाला तो माल खपावा आणि प्रवासी यावेत म्हणून. पण त्या दिवशी पेला उंचावणाऱ्या प्रत्येक गावात ढिगारे उपसलेले हात होते, रशियातून न परतलेल्या मुलांची घरं होती. आल्झास म्हटलं की लोकांना बोर्दो आणि गणवेष न आठवता टेकड्या आणि पेले आठवावेत, ही गरज त्या वसंतात कुणाला वाटली नसेल असं मला वाटत नाही.

जे चित्र पुढे आलं तेही आधीच तयार होतं. कोलमारचा चित्रकार आन्सी, खरं नाव जाँ-जाक वाल्त्झ, याने 1912-13 च्या सुमाराला पुस्तकं काढली. त्यांत डोक्यावर मोठा काळा फितीचा फुलोरा बांधलेल्या मुली, करकोचे, लाकडी घरं आणि चेष्टेचा विषय झालेले जर्मन. त्यापायी 1914 मध्ये जर्मन न्यायालयाने त्याला वर्षाची कैद सुनावली आणि तो फ्रान्सला पळाला. म्हणजे आज फ्रिजवर चिकटवायच्या चुंबकांवर जी चित्रं विकली जातात ती एकेकाळी राजद्रोह होती! करकोच्यांची कथा आणखी वेगळी. 1974 मध्ये आल्झासमध्ये करकोच्यांच्या जेमतेम 9 जोड्या उरल्या होत्या. हुनावीरला त्यांना वाढवण्याचं केंद्र निघालं, आणि आज धुराड्यांवर दिसतात ते पक्षी अशा खटाटोपातून परत आलेले आहेत.

वाइननेही हळूहळू नाव कमावलं. 1962 मध्ये 'आल्झास' हे कायद्याने संरक्षित नाव झालं. 1972 च्या कायद्याने ही वाइन आल्झासमध्येच, उंच निमुळत्या बाटलीत भरायची सक्ती झाली. पिंपांतून नाव हरवण्याचा काळ संपला. 1975 मध्ये कीन्त्सहाइमच्या श्लोसबर्ग उताराला पहिला 'ग्राँ क्र्यू' दर्जा मिळाला, आज असे 51 उतार आहेत. एका नावावर मात्र पाणी सोडावं लागलं. पिनो ग्रीला इथे पिढ्यान्‌पिढ्या 'टोके' म्हणत. सोळाव्या शतकातल्या लाझारस फॉन श्वेंडी या सेनापतीने हंगेरीतल्या टोकाय किल्ल्यावरून वेल आणले अशी दंतकथा. कोलमारमध्ये त्याचा हातात द्राक्षवेल धरलेला पुतळाही आहे, न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या शिल्पकाराने, म्हणजे कोलमारच्याच बार्तोल्दीने केलेला. हंगेरीने हरकत घेतली, आणि 2007 पासून ते नाव बाटलीवरून गेलं. दंतकथा पुतळ्यात राहिली.

झेंडे गेले तरी कायदे मागे राहतात, हे आपल्याला पोर्तुगीजांच्या 1867 च्या नागरी संहितेने शिकवलंच आहे. आल्झासमध्येही तेच. फ्रान्सने 1905 मध्ये चर्च आणि सरकार वेगळं केलं, तेव्हा आल्झास जर्मनीत होतं. म्हणून तिथे अजूनही 1801 च्या कराराप्रमाणे पाद्री, पास्टर आणि रब्बी यांना सरकारी पगार मिळतो. गुड फ्रायडे आणि 26 डिसेंबर या दोन सुट्ट्या बाकीच्या फ्रान्सला नाहीत, त्यांना आहेत. फ्रान्सभर आगगाड्या डाव्या रुळावरून धावतात, आल्झासमध्ये जर्मन वळणाने उजव्या. बोली मात्र कायद्याने वाचली नाही. 1945 नंतर 'फ्रेंच बोलणं म्हणजे ऐट' असा प्रचार झाला, शाळेत आल्झासी बोलणाऱ्या पोराला शिक्षा झाल्या, आणि नाझींनी फ्रेंचवर बंदी घालून जे साधलं नाही ते घरातल्या लाजेने साधलं. आजीची बोली नातवंडाला कळते, बोलता येत नाही. गल्ल्यांच्या पाट्या हल्ली दोन्ही भाषांत दिसतात.

2016 च्या 1 जानेवारीला फ्रान्सने प्रांतांची फेररचना केली आणि आल्झास 'ग्राँ एस्त' नावाच्या मोठ्या प्रांतात विरून गेलं. त्याच दिवशी कायझर्सबर्ग, कीन्त्सहाइम आणि सिगोल्सहाइम ही तीन गावंही एकत्र होऊन एक नगरपालिका झाली. लोक कुरकुरले, मोर्चे निघाले, आणि 2021 पासून 'आल्झास' हे नाव निदान जिल्हा पातळीच्या एका संयुक्त मंडळाला परत मिळालं. सिगोल्सहाइमच्या वर, द्राक्षमळे संपतात तिथे टेकडीवर, 1944-45 च्या लढाईत पडलेल्या फ्रेंच सैन्यातल्या दीड हजारांहून जास्त सैनिकांचं दफनस्थान आहे. ख्रिस्ती, ज्यू आणि मुसलमान. त्यांतले कित्येक मोरोक्को आणि अल्जेरियाचे, ज्यांनी त्यापूर्वी आल्झासचं नावही ऐकलं नसेल. रस्त्याच्या मुख्य पाटीपासून थोडं आडवाटेला वळावं लागतं.